सुतकात पान खाल्लं नव्हतं

ज्यांच्या घरात खोकला मुक्कामाला आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी काही शहाणा माणूस नाही. मराठी चौथी झालो आणि बाबांच्या मागे पानमळ्यात गेलो, एवढंच माझं शिक्षण. पण क्षयाच्या पडवीत जाऊन आपल्या पायांनी घरी आलेली माणसं आमच्या भागात फार नाहीत. म्हणून लोक येतात, ओट्यावर बसतात, जरा लांबच बसतात, आणि विचारतात, "बापू, तुले कसं वाटे तवा?" दर वेळी सगळं सांगायला माझा दम पुरत नाही. तेव्हा एकदाच सांगून टाकतो. औषधांची नावं मात्र विचारू नका, मला ती तेव्हाही उच्चारता येत नव्हती.

लाल तोंडाचं घर

आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर पिढीजात पानमळेवाल्यांचं. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना सांगतो. शेवरीची आणि पांगाऱ्याची झाडं ओळीनं लावायची, त्यांच्यावर नागवेल चढवायची, आणि ऊनवारा लागू नये म्हणून भोवती तुरीच्या काड्यांचं उंच कुड घालायचं. बाहेर रान तापलेलं असतं तेव्हा आत अंगावर काटा येईल इतकं गार असतं.

नागवेल म्हणजे आमच्याकडे देव. आंघोळ केल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. चपला दाराबाहेर. घरात सुतक असलं तर घरच्या कोणी जायचं नाही, शेजारचा मळेवाला पाणी देतो. आणि आजारी माणसानं तर नाहीच नाही, त्याची सावली पडली की वेल सुकते म्हणतात. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, चामड्याच्या चपला नाई चालत, मंग चामड्याची मोट कशी चालते?" बाबा म्हणाले, "मोट पानी पाजते. तुह्या चपला काय पाजतात?" तिथं विषय संपला.

सकाळी उठल्यापासून आमच्या तोंडात पान. बाबांच्या, माझ्या, माझी बायको यशोदा हिच्या. अंगणाचा एक कोपरा तर कायमचा लाल झालेला. म्हणूनच मी कित्येक महिने लाल थुंकत होतो आणि त्यात रक्त आहे हे मला कळलं नाही. हसू येत असेल तर हसा, नंतर डॉक्टरही हसले. खोकला होता. दिवस कलला की अंग कोमट व्हायचं. धोतर कमरेला दोन वेळा जास्त गुंडाळावं लागत होतं. यशोदा म्हणायची, "कोनाले तरी दाखवा." मी म्हणायचो, "कातानं घसा धरला, दुसरं काय." आणि वर एक पान खायचो.

न्हाणीचा दगड

मग काका वारले, बाबांचे थोरले भाऊ. एका वाड्यात नाही, पण एकाच घराण्यात, म्हणजे सुतक आमच्याही घरात आलं. सुतकात आम्ही तोंड लाल करत नाही. मला काकांचं दुःख होतं, पण खरं सांगू का, पानाचं दुःख त्याहून जास्त सतावत होतं. मी सगळ्यांवर खेकसत होतो.

अशात एका सकाळी न्हाणीजवळ तोंड धूत होतो. यशोदा तांब्यातून पाणी ओतत होती. खोकल्याची उबळ आली आणि मी थुंकलो. न्हाणीचा दगड पांढरा. त्यावर लाल पडलं.

"तुम्ही सुतकात पान खाल्लं?" ती म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. ती फार हळू म्हणाली.

मी पान खाल्लं नव्हतं. दगडाकडे पाहिलं आणि मागचे सगळे महिने एकदम लक्षात आले. आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. मी म्हणालो, "हाव. खाल्लं. राहवलं नाई."

"लाज नाई वाटत? मोठ्या मामंजीची राख अजून गरम हाय," असं म्हणून तिनं तांब्या खाली आपटला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आणि मला बरं वाटलं. पानचोर ठरलो तरी चालेल, दुसरं काही ठरू नये, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधीच न्हाणीपाशी उभी. मी थुंकलो तशी ती खाली वाकली. दगडाजवळ नाक नेलं. मग तिथंच बसली.

"पानाचा वास येते," ती म्हणाली. "ह्याले नाई येत. काऊन खोटं बोलले?"

"भेव वाटलं."

"कोनाचं? माह्यं?"

तिनं दगड धुतला, परत धुतला, आणि सुतक फिटायची वाट न पाहता बाबांना गाडी जुंपायला सांगितलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, मला बाकावर बसवलं आणि बाबांना आत घेतलं. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. मी सगळं ऐकलं. क्षय आहे, एका बाजूला जास्त आहे, बुलढाण्याला घाटावर पाठवा, हवा बरी आहे, मग देवाच्या हाती. बाबा बाहेर आले. पागोटं नीट होतं तरी नीट करत राहिले. म्हणाले, "काई नाई बापू. छातीत गरमी झाली. थंड हवेले जाय म्हनते."

मी म्हणालो, "बरं."

म्हणजे एकाच आठवड्यात मी यशोदेशी खोटं बोललो, बाबा माझ्याशी बोलले, आणि ते खोटं आहे हे कळून मीही त्यांच्याशी खोटं वागलो. क्षयानं छाती पोखरली ती पुढची गोष्ट. घर आधी असं पोखरलं गेलं.

कुडाच्या फटीतून

पुढच्या दिवसांचं फार सांगत नाही. ज्यांच्यावर आलं आहे त्यांना माहीत आहे. माझं ताट वेगळं झालं, गाडगं वेगळं झालं. गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना पदर, उपरणं नाकाला लावायला लागले. माझी मुलगी सुभी तेव्हा नुकती फ्रॉक सोडून परकरात आली होती. तिला तिचा मामा येऊन वडनेर भोलजीला घेऊन गेला. गाडीत बसताना ती माझ्याकडे धावली आणि यशोदेनं तिला मधेच धरलं. बरोबरच केलं. मीच तसं सांगितलं होतं. तरी त्या वेळी मला यशोदेचा इतका राग आला की मी तोंड फिरवून घेतलं.

बुलढाण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि मळ्याकडे गेलो. एकदा आत जायचं होतं. काम नव्हतं काही. वेल उतरवायचे दिवस जवळ आले होते. नागवेल वर टोकाला गेली की आम्ही ती खाली उतरवतो, तिची गुंडाळी करून बुडाशी मातीत पुरतो आणि शेंडा तेवढा परत झाडाला बांधतो. मग ती नव्यानं फुटते. ते काम मला फार आवडायचं. यंदा आपण नसणार हे कळत होतं, म्हणून नुसतं बघून यायचं होतं.

दारात बाबा उभे होते. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"नको येऊ बापू," ते म्हणाले.

"आंघोळ केली म्या."

"आंघोळीनं नाई जात थे." मग त्यांनी नजर खाली घातली. "वेल नाजूक हाय. तुले माईत हाय."

मला माहीत होतं. मी भांडलो नाही. कुडाला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो, तिथं तुराट्यांत एक फट होती. तिला डोळा लावला. आतला गारवा डोळ्याला लागला. हिरवा अंधार होता आणि मोटेचं पाणी पाटातून चाललेलं ऐकू येत होतं. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. दवाखान्यात मला जी ओढ लागली ती घराची नव्हती म्हटलं तर यशोदेला वाईट वाटेल, पण तिला मी हे वाचून दाखवलं आहे. सगळ्यात जास्त ओढ त्या फटीपलीकडची होती.

पडवी

नांदुऱ्याहून मोटार. ती वडनेर भोलजीच्या वेशीपाशी उतारू घ्यायला थांबली. सुभी तिथंच कुठं तरी, हाकेच्या अंतरावर होती. मी खिडकीतून मान काढून बघत राहिलो. एक बाई शेळी ओढत नेत होती, बाकी कोणी नव्हतं. मग मलकापूर, आणि मग घाट.

छातीच्या रोग्यांची पडवी मुख्य दवाखान्यापासून लांब, टेकडीच्या कडेला. तीन बाजूंनी उघडी. थंडीतही उघडीच. पहाटे तोंडात ताप मोजायची काचेची नळी, मग दूध, मग झोपून राहायचं. दुपारी झोपून राहायचं. संध्याकाळी परत नळी. ज्याला काम करायची सवय आहे त्याला हे झोपून राहणं आजारापेक्षा जड जातं. अधूनमधून बरगड्यांमधून सुई घालून, आजारी फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून, छातीत हवा भरायचे. त्याबद्दल एवढंच सांगतो की भीती सुईपेक्षा मोठी असते. दुसऱ्या वेळेपासून मी सुईकडे न बघता पांढऱ्या भिंतीवरच्या पालीकडे बघायचो. ती पाल मला पुढे ओळखू लागली असावी.

मार्थाबाई म्हणून नर्स होत्या, जालन्याकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी पानाची चंची काढून घेतली.

"आता पान बंद. तुमची थुंकी पांढरी दिसायला पायजे. लाल तोंडात लाल काय ओळखू येणार हो आमाला?"

हेच जर कोणी वर्षभर आधी सांगितलं असतं! पण कोण सांगणार, सगळ्यांचीच तोंडं लाल. मला झाकणाचा पांढरा मग दिला. मी त्यात थुंकायचो आणि झाकण उघडून बघायचो. दिवसाचा शकुन तिथंच कळायचा.

आमच्या घरात अंडं शिवत नाहीत. मार्थाबाई दुधात काही तरी फेटून आणायच्या. मी विचारायचो, "यात काय हाय?" त्या म्हणायच्या, "दूध हाय." मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. जगायची हाव अशी असते. बाबांना मात्र मी ते कधी सांगितलं नाही.

बाबा महिन्याकाठी येत. इतक्या लांबून येणं सोपं नव्हतं. यशोदा कधी सोबत असायची, कधी घरी जनावरांपाशी थांबायची. येताना बाबा ओल्या फडक्यात पानांची पुडी आणायचे. खायला नाही, नुसती वासाला. मीच पहिल्या खेपेला तसं मागितलं होतं. मी पुडी उशीखाली ठेवायचो आणि दिवसभर एकेक पान काढून नाकाशी धरायचो. डोळे मिटले की मी कुडाच्या आत असायचो.

पावसाळा सरताना बाबांनी आणलेली पुडी उघडली आणि मी जरा थांबलो. पानं चांगली होती, आमच्या कपुरी जातीचीच होती. पण देठ आखूड होते. आम्ही अंगठ्याला लोखंडी नखी लावून पान खुडतो, आणि आमच्या घरात देठ बोटभर लांब ठेवायची रीत आहे. बाबांनी मला त्यापायी लहानपणी रट्टे दिलेले. आखूड देठाचं पान बाबा खुडणार नाहीत. हाताला कंप सुटला तरी नाही.

बाबा समोर बसले होते. म्हणाले, "यंदा मळा लय चांगला हाय."

मी म्हणालो, "हो, वास मस्त येते."

त्यानंतरच्या खेपेलाही देठ आखूड. त्याच्या पुढच्याही.

किसनजींचं धोतर

माझ्या शेजारच्या खाटेवर डोणगावचे किसनजी होते. धान्याची दलाली करायचे. माझ्याहून वयानं बरेच मोठे आणि तोंडानं फटकळ. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती आणि पेटीत रेशीमकाठी धोतराची नवी घडी. सुटी मिळेल त्या दिवशी ती नेसून, अत्तर लावून डोणगावच्या बाजारातून जायचं, सगळ्यांनी बघायचं, असा त्यांचा बेत. तो बेत रोज नवा होऊन यायचा. कधी सोबत वाजंत्री असायची.

त्यांचं वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी त्यांना सुई लावणं बंद केलं तेव्हा आम्ही दोघंही समजलो. एका रविवारी मी म्हणालो, "किसनजी, थे धोतर आज नेसा."

"येडा झाला का बे? घरी जाताना नेसायचं हाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिवी देतील. मग म्हणाले, "तुले असं वाटते का, का मी घरी नाई जात?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. जाता ना, काऊन नाई जात, असं. ते मी गिळलं. म्हणालो, "मले माईत नाई. माह्यं बी माईत नाई."

किसनजींनी मार्थाबाईंना हाक मारून पेटी ओढायला लावली. नेसताना दोनदा बसावं लागलं. पण नेसले, काठ नीट काढले, आणि पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांब धरत धरत गेले. सगळे रोगी उठून बसले. कोणी तरी म्हणालं, "नवरदेव आला हो." मार्थाबाईंनी त्यांच्या कानामागे खोबरेल लावलं, अत्तर कुठून आणणार? किसनजी लाजले. इतके दिवस शेजारी झोपून मी त्यांना कधी लाजताना पाहिलं नव्हतं. खाटेवर येऊन बसले आणि म्हणाले, "बजार बरा भरला होता आज."

थंडी पडायच्या आत ते गेले. धोतराची त्यांनी त्या रविवारनंतर परत घडी घातलीच नाही, ते पांघरुणावर पसरून ठेवलं होतं. खाट धुवायला बाहेर नेली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडलो. त्यांच्यासाठी रडलो आणि माझ्यासाठीही. मला जगायचं होतं. मला सुभीला उचलून घ्यायचं होतं, मळ्यात जायचं होतं, यशोदेच्या जवळ झोपायचं होतं. यातलं एकही माझ्या हातात नव्हतं. हातात एकच गोष्ट होती, खरं बोलणं, आणि ती मी किसनजींना दिली तशी माझ्या माणसांना अजून दिली नव्हती.

देठ

पुढच्या खेपेला बाबा एकटे आले. दुपारची वेळ, पडवीत ऊन आलेलं. त्यांनी पुडी दिली. मी ती उघडून देठ बघितले आणि तशीच मांडीवर ठेवली.

"बाबा, मळा गेला का?"

बाबांनी आधी टेकडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हाव," ते म्हणाले.

"कवा?"

"पंचमीच्या पयले. पानी साचलं. बुडं काळी पडली. मी लय माती ओढली बापू, चर खंदले. पन एक वेल बसली का दुसरी बसते. सारा मळा गेला."

"मंग हे पानं?"

"बजारातून घेतो."

"काऊन?"

"तुले वास पायजे होता ना," बाबा म्हणाले.

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बाबांना उघड्या डोक्यानं मी फक्त आंघोळीच्या वेळी पाहिलं होतं. केस सगळे पांढरे झाले होते.

"तुले दारातून फिरवलं म्या," ते म्हणाले. "वेलीसाठी. एक डाव आत जाऊ देल्लं असतं त काय झालं असतं? आजारी मानूस आत नाई गेलं, सुतकात कोनी गेलं नाई, सारं पाळलं. अन् वेल बी गेली. आता तू..."

ते तिथं थांबले. मी त्यांचा हात धरायला गेलो आणि मागे घेतला, तिथं शिवायचं नाही असा नियम. बाबांनीच माझा हात धरला. म्हणाले, "आता बास झालं पाळनं."

मी म्हणालो, "बाबा, मले क्षय झाला हे मले पयल्या दिवसापासून माईत हाय. दार लोटलेलं होतं."

"मले वाटलंच होतं."

"आता मले खोटं नका सांगू. मी मरून राह्यलो असन त थे बी सांगा. मीबी सांगन. दुधात अंडं असते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. "मले वास येत होता," ते म्हणाले. आम्ही दोघं हसलो, मला खोकला आला, मगात पाहिलं, पांढरं होतं. बाबांनीही वाकून पाहिलं.

"परत लावू," मी म्हणालो.

"कोन लावन? मी म्हातारा झालो."

"मी."

"अन् तू..." पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तिथंच अडलं.

"मी राह्यलो त राह्यलो," मी म्हणालो. "नाई राह्यलो त वेल राहीन. पन लावाची हाय मले."

असं मी म्हटलं खरं. त्या वेळी मी खाटेवरून पडवीच्या टोकापर्यंतसुद्धा जात नव्हतो. पण बोललो आणि छातीवरचं काही तरी उतरलं. त्या संध्याकाळी ताप आला नाही असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. ताप आला. रोजच्यासारखा आला. पण मी त्या दिवसापासून वाट बघत पडून राहणं सोडलं. यशोदा आली की मी तिला जे वाटतं ते सांगायचो, भीती वाटते तर भीती वाटते. तीही सांगायची. एकदा म्हणाली, "मले कधी कधी तुमचा लय राग येते. एकटीले टाकून जाऊन राह्यले म्हनून." मी म्हणालो, "मले बी माहा राग येते." त्या दिवशी ती जाताना पायऱ्यांवरून मागे वळून हसली.

सुटी

कोणी बरं होतं, कोणी होत नाही. त्यात माझी काही बहादुरी नाही हे लक्षात घ्या. जे गेले ते माझ्याहून कमी हिमतीचे नव्हते. मला सुटी मिळाली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, किती वर्षं?" डॉक्टर जबलपूरकडून बदलून आलेले, त्यांचं मराठी हिंदीच्या वळणाचं. म्हणाले, "दाग सुखला आहे, गेला नाही. वर्षं मला मालूम असती तर मी आधी माझी पूछ केली असती." आणि मान वळवून पुढच्या रोग्याकडे गेले.

वडनेर भोलजीला उतरलो. सुभी मामाच्या दारात उभी होती, बरीच उंच झालेली. ती धावली नाही. मी आलो की लांब उभं राहायचं हे तिला इतकं पक्कं शिकवलेलं होतं. मी ओट्यावर बसलो, तीही दुसऱ्या टोकाला बसली. थोड्या वेळानं थोडी सरकली. गाडी जुंपून होईपर्यंत माझ्या धोतराचा काठ तिच्या मुठीत होता.

मळ्याच्या जागी उघडं रान होतं. त्या वर्षी झाडं लावली, कुड घातलं. बेणं लावायच्या दिवशी मी आंघोळ करून गेलो आणि सवयीनं दाराबाहेर थांबलो. बाबा आत चरात उभे होते.

"तठी काय करून राह्यला? बेणं का उडत येईन?"

"येऊ?"

"ये बापू," बाबा म्हणाले. "तुह्याच हातानं पयली वेल लाव."

गावात यावर चर्चा झाली. क्षयी माणसाच्या हातची वेल धरत नाही म्हणाले. कोणाची धरते आणि कोणाची नाही ते मला माहीत नाही. मी चप्पल काढली आणि आत गेलो. चरातली माती तळव्यांना लागली, आणि मी खाली बसलो. बाबांना वाटलं दम लागला. दम नव्हता लागला.

पहिली खुडणी

वेल धरली. परवा पहिली खुडणी झाली. बाबांनी त्यांची लोखंडी नखी माझ्या अंगठ्यात घातली आणि वर सांगितलं, "देठ लांब ठेव." मी नवा गडी असल्यासारखं.

पहिलं पान नागदेवाला आणि दुसरं घरच्या सवाशिणीला, ही आमची रीत. मी अजून पान खात नाही, मरेपर्यंत खाणारही नाही. त्याची ओढ गेलेली नाही, उगाच कशाला खोटं सांगू? यशोदेनंही मी आजारी पडल्यापासून तोंड लाल केलं नव्हतं. तिला कोणी मना केलेलं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली होती, "मले लाल पाह्यलं का न्हानीचा दगड दिसते."

मी देठ न मोडता विडा लावला. चुन्याचा अंदाज हाताला अजून होता. मळ्याच्या दाराबाहेर तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "नको." मी धरूनच राहिलो. मग तिनं घेतला, अर्धा दातानं तोडला. थोडा वेळ चावत उभी राहिली, चेहऱ्यावर जुनी, लग्नातली खुशी आली. मग बाजूला वळून थुंकली.

पांढऱ्या मातीवर लाल पडलं.

आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. इतके दिवस झाले, दवाखाना मागे पडला, मळा उभा राहिला, तरी ते भेव आमच्या दोघांच्या पोटात तसंच होतं. आणि असं वाटतं की ते आता राहणारच. यशोदा हळूच खाली वाकली, त्या सकाळी न्हाणीपाशी वाकली होती तशीच, आणि तिनं वास घेतला.

"पानाचं हाय," ती म्हणाली.

"खरं?"

"आता आपल्या घरात खोटं कोन बोलते?"

मग तिनं उरलेलं अर्धं पान माझ्या नाकाशी धरलं. देठ बोटभर लांब होता.